वाचक विचारतात : ‘अर्धसत्य’ची पकड कशात आहे?

गोविंद निहलानी यांच्या १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’बद्दल या वेळी भरपूर पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये चित्रपटाचा शेवट उघड झाला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी हे पान बाजूला ठेवावं, सव्वादोन तास काढून आधी चित्रपट पाहावा आणि मग परत यावं.

प्रश्न : ‘अर्धसत्य’ मी पहिल्यांदाच पाहिला. पाठलाग नाही, गाड्या उडत नाहीत, गोळीबारही अगदी मोजका. तरी जागचं हलवलं नाही. याला थरारपट म्हणायचं का? आणि म्हणायचं, तर थरार नेमका कुठे आहे?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : थरारपटच म्हणायचं, आणि तोही पहिल्या पंगतीतला. थरार म्हणजे वेग ही आपली एक सवयीची समजूत आहे. प्रेक्षकाला बांधून ठेवतो तो प्रश्न, आणि ‘अर्धसत्य’मध्ये हा प्रश्न मध्यावर येऊन बदलतो. सुरुवातीला आपल्याला धास्ती असते, की ही माणसं अनंत वेलणकरचं काय करतील. पुढे कधीतरी, आपल्या लक्षातही न येता, धास्ती उलटते : हा अनंत आता कुणाचं काय करेल?

ही उलटापालट कशी होते ते पायरी-पायरीने पाहा. अनंत मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आहे. तीन गुंडांना तो आत टाकतो. त्यांचा म्होरक्या रामा शेट्टी त्यांना सोडवायला बघतो, अनंत बधत नाही. इथपर्यंत आपण त्याच्या बाजूने ताठ बसलेले असतो. मग झोपडपट्टीतला एक गरीब माणूस बायकोची छेड काढणाऱ्यांची तक्रार घेऊन येतो. अनंत त्यांना शोधतो, कोठडीत घालतो, बडवतो. आपल्याला बरं वाटतं. ते एका आमदाराचे लोक निघतात आणि अनंतवर निलंबनाची तलवार लटकते. वरिष्ठ सहकारी हैदर अली त्याला वाचवतो, पण ते वाचवणं देसाई नावाच्या मध्यस्थाच्या दिल्लीतल्या ओळखी वापरून होतं. म्हणजे सरळ वागल्याची शिक्षा टळली ती वाकड्या वाटेने. अनंतच्या आत पहिली चीर पडते ती इथे. तो सुटलेला असतो आणि नेमकं तेच त्याला सहन होत नाही.

पुढची पायरी : शेट्टीच्याच टोळीतला एक माणूस जाळून टाकलेल्या अवस्थेत सापडतो आणि मरण्यापूर्वी नाव सांगतो. अनंत अटक करायला जातो, शेट्टी फोन उचलतो, आणि अनंतला रिकाम्या हाताने परत फिरावं लागतं. नंतर डोंगरात लपलेल्या एका खतरनाक दरोडेखोराला तो जिवावर उदार होऊन पकडतो. श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या नावावर जमा होतं. त्यानंतर दारूच्या अमलात तो एका भुरट्या चोराला मारतो. एका छोट्या रेडिओची चोरी, एवढाच आरोप. आणि तो चोर मरतो.

आता मागे वळून पाहा. झोपडपट्टीच्या प्रसंगात बडवलं जाताना आपण मनातल्या मनात ‘आणखी द्या’ म्हणालो होतो. हात तोच, कोठडी तीच, रागही तोच. पहिल्या माराला आपण होकार दिला, म्हणून दुसऱ्या माराच्या वेळी आपल्याला नामानिराळं राहता येत नाही. ‘अर्धसत्य’ची पकड इथे आहे. तो आपल्याला पडद्याबाहेर बसू देत नाही, अनंतच्या हाताखाली ओढून घेतो. पाठलाग कितीही उत्तम असला तरी त्यात आपण बघे असतो.

अशा रचनेत एक गोष्ट बिघडली तर सगळं कोसळतं. मधल्या एखाद्या पायरीवर अनंतला खरा विजय मिळाला असता तर वाफ निघून गेली असती. पटकथेत त्याची प्रत्येक कृती यशस्वी होते आणि प्रत्येक यश त्याच्याकडून काढून घेतलं जातं. वाफ साठतच राहते.

प्रश्न : हा हिंदी चित्रपट आहे, पण घरात लहानपणापासून ‘आपला’ म्हणून ऐकला. यात मराठी नेमकं काय आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बरंच काही, आणि ते कामाच्या विभागणीत दिसतं. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देव यांचे. चित्रपटाला नाव देणारी कविता दिलीप चित्रे यांची. अभिनयात स्मिता पाटील आणि सदाशिव अमरापूरकर. दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही निहलानींचं. ते मूळचे कराचीचे. संकलन रेणू सलुजा यांचं, संगीत अजित वर्मन यांचं.

कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आहेत हे अनेकदा विसरलं जातं. कथेतून माणूस आणि त्याची जखम मिळते. प्रसंगांचा क्रम, कुणाला काय कधी कळेल, कुठे कापायचं हे पटकथा ठरवते. तोंडातली भाषा संवादलेखक देतो. ‘अर्धसत्य’चा क्रम हा तेंडुलकरांचा हात आहे. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन त्यांनी समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता आणि १९८० च्या ‘आक्रोश’साठी निहलानींबरोबर कामही केलं होतं. हिंसा ही एकदम फुटत नाही, ती घरापासून मुरत येते, ही जाण पटकथेत पानोपानी आहे. अनंतचा बाप पोलिसातलाच, बायकोवर हात टाकणारा. लहान अनंत ते बघत उभा राहिला, काही करू शकला नाही. त्याला पुढे शिकायचं होतं, बापाने पोलिसात घातलं. अमरीश पुरींनी हा बाप असा उभा केला आहे की तो समोर नसतानाही अनंतच्या मुठीत दिसतो.

त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, सहायक अभिनेता, कथा आणि पटकथा असे ५ पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. त्यांतले शेवटचे तीन अमरापूरकर, पानवलकर आणि तेंडुलकर यांचे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार अनंत साकारणाऱ्या ओम पुरींना मिळाला.

‘सूर्य’ मिळवून वाचाच. छापील कथेतलं काय पडद्यावर आलं आणि काय मागे राहिलं हे ताडून पाहण्यासारखा दुसरा चांगला पटकथेचा वर्ग नाही.

प्रश्न : रामा शेट्टी चित्रपटात मोजक्याच प्रसंगांत आहे. मग तो एवढा का लक्षात राहतो?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर तुमच्याच जिल्ह्याचे, त्यामुळे प्रश्नातला जिव्हाळा पोचला. ‘हँड्स अप’ या मराठी नाटकातलं अमरापूरकरांचं काम पाहून निहलानींनी त्यांना निवडलं. हिंदी पडद्याला हा चेहरा तोवर ओळखीचा नव्हता, आणि त्याचा फायदाच झाला. प्राण किंवा अमजद खान समोर आले की प्रेक्षकाला पुढचं साधारण कळतं. या माणसाचं काहीच कळत नाही.

दुसरं, शेट्टीला घाई नसते. तो आवाज चढवत नाही. ज्याला ओरडावं लागतं त्याच्या हातात अजून सगळं आलेलं नसतं, हे अमरापूरकरांनी ओळखलं होतं. अनंतचं अंग प्रत्येक प्रसंगात ताठ, जबडा आवळलेला, आणि समोरचा सैलसर. दोघे एका चौकटीत आले की कोण कुणाच्या ताब्यात आहे ते संवादाविना कळतं.

तिसरं कारण पटकथेतलं. शेट्टी जागेवर थांबत नाही. सुरुवातीला तो गुंडांचा म्होरक्या आहे, शेवटाकडे येता येता महापालिकेच्या निवडणुकीचा उमेदवार. अनंत खाली येत असताना हा वर चढत असतो. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शेवटचा प्रसंग आहे : कोठडीतल्या मृत्यूतून वाचायचं असेल तर आता शेट्टीच वाचवू शकतो, असं हैदर अली अनंतला सांगतो आणि अनंत शेट्टीच्या दारात जातो. खलनायकाला पडद्यावर जास्त वेळ देऊन हे वजन येत नाही. तो दिसत नसताना त्याचा फोन चालू असावा लागतो.

प्रश्न : मी वकिली करतो. जळालेल्या माणसाने मरताना पोलिसाला नाव सांगितलं, तरी शेट्टी सुटतो. मॅजिस्ट्रेट हजर नव्हता म्हणून जबाब बाद झाला, असं माझे मित्र म्हणतात. आणि कोठडीतल्या मृत्यूनंतर तेव्हा प्रत्यक्षात काय झालं असतं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या मित्रांचा समज चुकीचा आहे, आणि हा मुद्दा सुटला तर चित्रपटाचा अर्धा अर्थ हातातून जातो.

१८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३२(१) मृत्यूपूर्व जबाब ग्राह्य धरत होतं. तो मॅजिस्ट्रेटनेच घ्यावा असं त्यात कुठेही नाही. पोलिसाने तपासात नोंदवलेले जबाब एरवी पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्येच मृत्यूपूर्व जबाबाला अपवाद केलेला होता. पुरावा कायद्याच्या कलम २५ ची बंदी होती ती आरोपीने पोलिसापुढे दिलेल्या कबुलीवर. इथे बोलणारा आरोपी नाही, मरणारा आहे. आणि असा जबाब खरा व स्वेच्छेचा वाटला तर दुसऱ्या दुजोऱ्याशिवायही शिक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच ‘खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालात सांगितलं. योगायोग असा की ते प्रकरण तुमच्या नागपूरचंच.

मॅजिस्ट्रेटला बोलावण्याची पद्धत आहे, कारण न्यायालयात असा जबाब जास्त टिकतो. डॉक्टरने ‘शुद्धीवर आहे’ असा शेरा द्यावा, शक्यतो प्रश्नोत्तर रूपात आणि त्याच्याच शब्दांत लिहावं, सही किंवा अंगठा घ्यावा, भाजलेल्या हातांमुळे तो घेता आला नाही तर तसं नमूद करावं. यातलं काही राहिलं की बचावपक्ष तिथेच बोट घालतो. पण जबाब कच्चा असणं वेगळं आणि बाद असणं वेगळं. अनंतकडे अटकेपुरता आधार होता. त्याला कायद्याने अडवलं नाही, एका फोनने अडवलं. तेंडुलकरांनी कायद्यात पळवाट दाखवली असती तर अनंतचा राग कायद्यावर गेला असता आणि चित्रपट फार लहान झाला असता.

आता कोठडीतला मृत्यू. अटकेनंतर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं १९७३ च्या संहितेच्या कलम ५७ प्रमाणे तेव्हाही बंधनकारक होतं. भुरटी चोरी आणि मारहाण यांचं नातं असं, की कबुलीसाठी मारणं हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३३० खाली स्वतंत्र गुन्हा, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. मृत्यू झाला तर खुनाचं ३०२ किंवा सदोष मनुष्यवधाचं ३०४. कोठडीत कुणी दगावलं तर मॅजिस्ट्रेटच्या चौकशीची तरतूद कलम १७६ मध्ये होती. मुंबई शहरात मात्र संशयास्पद मृत्यूंसाठी कोरोनरचं न्यायालय होतं. ते १९९९ मध्ये बंद झालं. म्हणजे कागदावर सगळं होतं. अनंतला कागदाची भीती होतीच, आणि कागद फिरवता येतो हे तो देसाई प्रकरणात शिकलेला होता. म्हणूनच हैदर अलीचा सल्ला त्याला अशक्य वाटत नाही.

नंतरच्या काळात कागद जाड झाला. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला आणि कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत कळवणं आलं. डिसेंबर १९९६ मध्ये ‘डी. के. बसू’ निकालाने अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही, नातेवाइकांना खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. २००६ पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आणि कलमांचे आकडे बदलले : मृत्यूपूर्व जबाब साक्ष अधिनियमाच्या २६ मध्ये, २४ तासांचं बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या ५८ मध्ये, कोठडीतल्या मृत्यूची चौकशी १९६ मध्ये.

याला जोडूनच दोन पत्रांत विचारलं आहे की निलंबनाला अनंत एवढा का घाबरतो. निलंबन ही शिक्षा नसते. चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला ठेवतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या नियमांप्रमाणे सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. पण चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळू शकते. नसीरुद्दीन शाहांचा माइक लोबो हा त्या रेंगाळण्याचा चेहरा आहे : निलंबित, दारूत बुडालेला, पैशांसाठी हात पसरणारा. अनंत त्याच्याकडे बघतो तेव्हा स्वतःची पुढची दहा वर्षं बघत असतो.

प्रश्न : शेवटी अनंत शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा आमच्या फिल्म क्लबात टाळ्या पडल्या. मला त्या खटकल्या. मी चुकतेय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पण टाळ्या वाजवणारेही अगदी वाट चुकलेले नाहीत. वाफ सव्वादोन तास साठवली ती याच क्षणी फुटावी म्हणून. तिथे टाळी येणार हे निहलानींना माहीत नसेल असं मानता येत नाही.

ते पुढे काय दाखवतात ते महत्त्वाचं. अनंत तिथून उठतो आणि स्वतःच्या पायांनी पोलिस ठाण्यात येऊन सांगतो की मी मारलं. संपलं. जमाव खांद्यावर घेत नाही, नायिका धावत येत नाही. १९७३ च्या ‘जंजीर’शी ताडून पाहा. तिथला इन्स्पेक्टर वर्दीबाहेर पडून सूड घेतो आणि प्रेक्षक मोकळा होतो. इथे वर्दी अंगावरून उतरत नाही. कायदा मोडणाराही पोलिस आणि तो कायद्याच्या हवाली करणाराही तोच पोलिस.

आणि एक विसरलं जातं. अनंत शेट्टीकडे न्याय करायला गेलेला नसतो. तो मदत मागायला गेलेला असतो, एका गरीब चोराच्या खुनातून सुटण्यासाठी. शेट्टी मदत करायला तयार होतो, पण आता अनंतने त्याचा माणूस व्हायचं. त्या अटीवर अनंतचे हात उठतात. शेट्टी मेला म्हणून त्या चोराला न्याय मिळाला का? चित्रपट त्याचं उत्तर देत नाही आणि टाळीच्या आवाजात हा प्रश्न बुडून जातो. पुढच्या वेळी क्लबात चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नका. एकच विचारा : त्या चोराचं नाव कुणाच्या लक्षात आहे? चर्चा आपोआप योग्य जागी जाईल.

प्रश्न : कवितेचा प्रसंग समजावून सांगाल का? आणि ज्योत्स्नाची भूमिका फार लहान नाही का वाटत?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ज्योत्स्ना गोखले ही अनंतची मैत्रीण, ती एका महाविद्यालयात साहित्य शिकवते. दोघे उपाहारगृहात बसलेले असताना ती त्याच्या हातात कवितांचं पुस्तक देते आणि तो वाचायला लागतो. चक्रव्यूहात शिरण्यापूर्वी मी कोण होतो हे मला आठवणार नाही, आणि शिरल्यावर माझ्या व चक्रव्यूहाच्या मध्ये फक्त एक जीवघेणी जवळीक होती हेही कळणार नाही, अशा अर्थाने कविता सुरू होते. शेवटी तराजू येतो : एका पारड्यात पौरुष, दुसऱ्यात नपुंसकता, आणि काट्यावर अर्धं सत्य.

अभिमन्यूची गोष्ट आपल्याला पाठ असते ती बाहेर पडता न आल्याची. चित्र्यांनी आत शिरण्यापूर्वीच्या माणसावर बोट ठेवलं. ओम पुरींचा आवाज नीट ऐका. सुरुवातीला तो सहज, जरासा थट्टेत वाचतो. काही ओळींनंतर वेग कमी होतो, कारण वाचता वाचता त्याला कळतं की हे आपल्याबद्दल आहे. डोळे पुस्तकावर आहेत, चेहरा मात्र पुस्तकातून बाहेर पडलेला आहे. अभिनय शिकणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा आवाज बंद करून आणि एकदा चित्र न बघता, असा दोनदा घ्यावा.

ज्योत्स्नाला वेळ कमी आहे हे खरं. स्मिता पाटील यांच्या ताकदीच्या अभिनेत्रीला आणखी द्यायला हवं होतं, असं आम्हालाही वाटतं. तरी तिच्याशिवाय चित्रपट उभा राहत नाही, कारण अनंतच्या रागाबद्दल शंका घेणारं दुसरं कुणीच त्यात नाही. बाकी सगळे त्याला ‘शहाणा हो’ एवढंच सांगतात.

प्रश्न : आम्ही चार मित्र २० मिनिटांचा पोलिसी लघुपट करतोय. खर्च जेमतेम. ‘अर्धसत्य’कडून प्रत्यक्ष काय उचलता येईल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संहितेपासून सुरुवात करा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तर तुमच्याकडे २० पानं आहेत. त्यांत ८ ते १० प्रसंग बसतात, जास्त नाहीत. कागदावर दोन उभे रकाने आखा. डावीकडे नायकाने काय केलं, उजवीकडे त्यामुळे त्याची कुठली वाट बंद झाली. उजवा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग कापा, कितीही आवडता असला तरी. चार वाटा बंद झाल्या की पाचवी कृती प्रेक्षकाला अटळ वाटते. नवोदितांच्या बहुतेक संहितांत पहिल्या पाच पानांत पोलिस भ्रष्ट असल्याचं संवादात सांगून टाकलेलं असतं आणि मग उरलेली पानं तेच पुन्हा सांगण्यात जातात.

नकार कधीही खलनायकाच्या तोंडून देऊ नका. तो वरिष्ठाकडून, फायलीतून किंवा फोनवरून येऊ द्या. फोनच्या प्रसंगात पलीकडचा आवाज ऐकवू नका, ऐकणाऱ्याचा चेहरा धरून ठेवा. कलाकारही एक कमी लागतो.

ठाण्यासाठी सेट नको. एक खोली, लाकडी टेबल, लोखंडी कपाट, दोऱ्याने बांधलेल्या फायली आणि बाक पुरे. पण शब्द अचूक हवेत. दखलपात्र गुन्ह्याला एफआयआर, अदखलपात्र असेल तर एन.सी., रोजच्या नोंदी स्टेशन डायरीत, समोर बसलेला ठाणे अंमलदार, जप्त वस्तू म्हणजे मुद्देमाल, पंचनाम्याला दोन पंच. हवालदार फौजदाराला ‘साहेब’ म्हणतो. सब-इन्स्पेक्टरच्या खांद्यावर दोन तारे असतात, इन्स्पेक्टरच्या तीन. हिंदी मालिकांमधून ‘वारंट’ उचलू नका : दखलपात्र गुन्ह्यात पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि एवढ्या एका चुकीने जाणता प्रेक्षक तुमच्या हातून सुटतो.

प्रकाशाचं बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. मोबाइलवर ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकतात. २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा. कॅमेऱ्यात २४ फ्रेम हवेच असतील तर शटरचा कोन १७२.८ अंश. स्वस्त एलईडी दिव्यांचा भरवसा नाही, ते तरीही लुकलुकू शकतात. म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच दिव्यात एक मिनिट टिपून मोठ्या पडद्यावर बघा. खोलीत उजेड सगळीकडे सारखा पसरू देऊ नका. टेबलावर एक दिवा, मागची भिंत अंधारात, आणि नायकाच्या चेहऱ्याची एक बाजू सोडून द्या.

मारहाण दाखवायची असेल तर काठी अंगावर पडताना दाखवू नका. ती न दाखवल्याने धोका टळतो आणि परिणाम वाढतो. बंद दार, आवाज, आणि बाहेर बाकावर बसलेला दुसरा तक्रारदार. आवाज वेगळा टिपायचा : ओल्या टॉवेलची घडी गादीवर आपटली की पुरेसं जमतं. दारामागून ऐकू यायचं असल्यामुळे आवाजातल्या वरच्या, तीक्ष्ण पट्ट्या कापा, नाहीतर मार खोलीत चालल्यासारखा वाटतो. आणि मार थांबल्यानंतरची शांतता किमान ५ सेकंद ठेवा. संकलन करताना ती लांबलेली वाटेल, तरी कापू नका.

वर्दीत रस्त्यावर चित्रीकरण करणार असाल तर स्थानिक पोलिस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या, आणि दोन दृश्यांच्या मध्ये चहाच्या टपरीवर जाताना कलाकाराच्या अंगावर साधा शर्ट चढवा. बघणाऱ्याचा गैरसमज झाला तर दिवसभराचं काम तिथेच थांबतं. नकली पिस्तूल शक्य असेल तर गोष्टीतूनच काढून टाका.

प्रश्न : ‘अर्धसत्य’ आवडला. आता पुढे काय पाहू?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आधी मागे जा : निहलानी, तेंडुलकर आणि ओम पुरी यांचाच ‘आक्रोश’, १९८०. त्यात ओम पुरी बहुतेक वेळ गप्प आहेत, आणि अनंतचा राग ऐकल्यानंतर ती गप्प राहण्याची ताकद जास्त कळते. मग पुढे, निहलानींचाच १९९४ चा ‘द्रोहकाल’. तिथे पोलिस अधिकाऱ्यावर येणारा दाब अतिरेक्यांचा आहे आणि तो थेट घरात शिरतो. परदेशी पाहायचा असेल तर सिडनी ल्युमेटचा ‘सर्पिको’, १९७३. न्यूयॉर्कच्या पोलिस दलातला लाच न घेणारा पोलिस, खऱ्या माणसाच्या हकिगतीवर. ‘सर्पिको’ आणि ‘अर्धसत्य’ एका आठवड्यात पाहा, पण एका दिवशी नको.